काकीच्या हाताला येणाऱ्या फांद्या

‘शाश्वत’ हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. गंमत अशी, की तो माझ्याच पाटीवर लिहिलेला होता. रस्त्याला लागून माझी वीस गुंठे फुलशेती, फाटकाला टांगलेली एक फळी, आणि फळीवर मीच हौसेने रंगवलेलं: ‘शाश्वत फुलशेती आणि सजावट’. गेल्या वर्षी ती फळी मी उतरवली. आता तिच्यावर कोंबड्यांना दाणे घालते.

आमचं गाव मालवण आणि धामापूर यांच्या मधे पडतं. समुद्र दिसत नाही, पण त्याचा खारा वारा येऊन मोगऱ्याची कोवळी पानं करपवून जातो. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या वीस गुंठ्यांत नाचणी व्हायची आणि निम्मी रानडुकरं खायची. मी आधी अबोली लावली, मग सोनचाफा, मग झेंडू आणि कुर्डू. खत शेणाचं, फवारणी कडुनिंबाची. सजावटीची कामं घ्यायला लागले तेव्हा दोन गोष्टी ठरवल्या. एक, फुलांचे देठ खुपसायचा तो हिरवा स्पंज आपल्या कामात नाही. त्याचा चुरा होतो आणि शेवटी समुद्रातच जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी वाळूत पाहिलंय. दुसरं, बांधायचं ते केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, उभारायचं ते माडाच्या झावळ्यांवर. काम झालं की सगळं उतरवून खड्ड्यात, आणि त्याचंच पुढच्या वर्षी खत. वाडीतली माणसं म्हणायची, हिला वेड लागलंय. मग बाहेरची माणसं किनाऱ्यावर येऊन लग्नं करायला लागली आणि माझं वेड एका रात्रीत फॅशन झालं.

या सगळ्यात माझा उजवा हात म्हणजे शेजारची काकी. नात्याने कुणी नाही. तिच्या आणि माझ्या घरामधे एक गडगा, म्हणजे दगडांचं कुंपण, आणि तोही दोन ठिकाणी पडलेला. सत्तरी ओलांडलेली, एकटी. फुलं ओवायला बसली की तिची बोटं दिसत नाहीत, नुसता वळेसार लांबत जाताना दिसतो. वळेसार म्हणजे आमच्याकडचा गजरा, आणि खरा वळेसार सुरंगीचा. ज्यांनी सुरंगी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बारीक, वाटाण्याएवढी कळी, आत पिवळे धमक केसर, आणि वास असा की फुलांची पाटी डोक्यावर घेऊन बाई पुढे गेली तरी मागे रस्त्यावर तो रेंगाळतो. कळी उमलायच्या आत काढावी लागते. उमलली की मधमाश्या तुटून पडतात आणि फूल ओवण्याच्या कामाचं राहत नाही. त्यामुळे सुरंगीच्या हंगामात काकी कोंबड्याच्या आधी उठते.

तिच्या परसात सुरंगीचं एकच झाड आहे, तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनचं. काळंभोर, दाट. आणि या झाडाची एक खोड म्हणजे त्याला फूल कोवळ्या शेंड्याला येत नाही. जुन्या, जून लाकडाच्या फांदीवर ते झुबक्यांनी येतं. म्हणजे फांदी जितकी म्हातारी तितकं फूल जास्त. काकी स्वतःवरून यावर विनोद करायची. या झाडाच्या पूर्वेच्या अंगाला पाच-सहा फांद्या अशा खाली ओथंबल्या होत्या की स्टुलावर उभं राहिलं की हाताला येत. ज्या जरा वर होत्या त्यांना तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. चिंधी धरायची, फांदी खाली ओढायची, कळ्या खुडायच्या आणि हळूच सोडायची. वरच्या फांद्यांवर चढणारं तिच्या घरात कुणी उरलेलं नाही. तिचा सगळा हंगाम त्या खालच्या पाच-सहा फांद्यांवर.

आता एक रीत सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच सगळं रामायण घडलं. आमच्याकडे देवाच्या फुलाला कुणी नाही म्हणत नाही. कुणीही कुणाच्याही परसात यावं, “देवाक फुलां होयी” म्हणावं, आणि घरच्या बाईने “काढा” म्हणावं. एवढंच. कुठल्या देवाला, किती, कशाला, हे विचारायचं नाही. घरची बाई उलट चहा ठेवायला आत जाते, कारण फुलं काढणाऱ्याच्या पाठीवर नजर ठेवणं बरं दिसत नाही. आणि काढणारा झाडावर चार फुलं ठेवून जातो, फांदी मोडत नाही. हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही. शिकवायची वेळच आली नव्हती.

माझी चूक या रामायणाच्याही दोन वर्षं आधीची. वाऱ्याने सुरंगीची एक फांदी मोडून पडली होती, फुलांनी लगडलेली. काकी म्हणाली, घेऊन जा, वाया जायला नको. मी ती तांब्याच्या घागरीत उभी केली, ओटीवर उन्हाच्या तिरिपेत ठेवली आणि फोटो काढला. तो इंटरनेटवरच्या आमच्या पानावर टाकला, खाली लिहिलं, ‘शेजारच्या परसातली सुरंगी’. इतकी वाहवा झाली की मी दोन दिवस हवेत होते. फांदी वाऱ्याने मोडली होती हे लिहायचं मला सुचलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

गेल्या वर्षी शिमग्यानंतर किनाऱ्यावरच्या एका मोठ्या रिसॉर्टमधे लग्न होतं. लग्नाची सगळी व्यवस्था बघणारी बाई शहरातली, वयाने लहान, बोलायला मधाळ. तिने फोन केला. मला नवरा-नवरीचे हार आणि पाहुण्या बायकांसाठी वळेसार करायचे होते, तेवढं माझ्याकडे. मग म्हणाली, “ताई, तुमच्या पेजवर ती ब्रांच आहे ना, तशा पन्नासेक ब्रांचेस हव्यात. मांडवाच्या छताला उलट्या लटकवायच्यात. नवरीला तेच हवंय.”

मी तिला शांतपणे समजावलं. मला शांतपणा फारसा जमत नाही, पण त्या दिवशी जमला. म्हटलं, ही फांदी तोडली की तिच्या जागी फुलणारी फांदी यायला वर्षं जातात. सुरंगी ही ओवायची फुलं आहेत, टांगायची नव्हेत. छताला झावळ्यांचं जाळं करू, त्यातून वळेसार सोडू, वासाने माणसं वेडी होतील. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ओके ताई, नो इश्यू. आम्हालाही सस्टेनेबलच हवंय.”

मी बावळट. विश्वास ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी आणि काकी हारांच्या करंड्या घेऊन रिक्षाने निघालो. काकी अशा कामांना नेहमी यायची, आयत्या वेळी काही सुटलं तर ओवून द्यायला. त्या दिवशी तिने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. मी विचारलं, आज काय विशेष? तेव्हा ती खुशीत म्हणाली, “काल माझीय फुलां गेली गो देवाक. टेम्पो घेवन इल्ले. मांडवात देव बसवतले म्हणत होते. जरा जास्तीच नेल्यानी, पण जावंदे, देवाकच ना.”

माझ्या डोक्यात त्या वेळी हारांना पाणी शिंपडायचं होतं, उन्हाच्या आधी पोचायचं होतं. मला वाटलं, करंडीभर नेली असतील. मी “बरां झाला” म्हटलं आणि करंडीवरचं ओलं फडकं सारखं केलं. ‘टेम्पो’ हा शब्द माझ्या कानावरून गेला आणि मी तो जाऊ दिला.

मांडव समुद्राकडे तोंड करून होता. दाराशीच एक भली मोठी पाटी: या सोहळ्यातली सगळी फुलं इथल्याच मातीतली, इथल्याच महिलांच्या हातची, निसर्गाला न दुखवता. मी ती वाचून सुखावलेसुद्धा. मग वर पाहिलं.

छतभर सुरंगी होती. उलटी. मनगटाएवढ्या जाडीच्या फांद्या आणि त्यांचे सुटे केलेले फाटे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी लोखंडी सांगाड्याला आवळलेल्या. पानं मान टाकून लोंबत होती. कळ्या आदल्या दिवशीच्या उन्हात उमलून तपकिरी पडल्या होत्या आणि गालिच्यावर भुरभुरत होत्या. जी फुलं काकी डोळ्यांत तेल घालून एकेक खुडते, त्यांच्यावरून खुर्च्या मांडणारी माणसं बूट घालून फिरत होती. मला आधी नुसता राग आला, कुणाच्या तरी झाडासाठी. कुणाचं झाड ते काकीने दाखवलं. तिने बोट वर केलं. मधल्या एका फांदीला हिरव्या काठाची चिंधी बांधलेली होती.

“ही माझ्या लुगड्याची चिंदी गो,” काकी म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. एखाद्या परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसा तो आवाज होता. मला मात्र कानशिलं तापलेली कळत होती. मी त्या मधाळ बाईला गाठलं. ती कानात यंत्र घालून कुणाला तरी दिव्यांबद्दल सांगत होती. मी म्हटलं, मी नाही म्हणाले होते. या फांद्या कुणाला विचारून तोडल्या?

“ताई, प्रॉपर परमिशनने घेतल्यात,” ती म्हणाली. “आजींनी स्वतः हो म्हटलं. आमच्या मुलांना चहासुद्धा दिला.”

चहासुद्धा दिला! म्हणजे ही म्हातारी चुलीपुढे बसून यांच्यासाठी चहा उकळत होती, देवाचं काम करणारी माणसं दमली असतील म्हणून, आणि बाहेर हे करवत चालवत होते. चहाचे पेले रिकामे करून मग गेले असणार. त्याचीच आता पावती दाखवत होते.

“आणि आम्ही दहा रोपं लावणार आहोत,” ती पुढे म्हणाली. “प्रत्येकाला नवरा-नवरीच्या घरच्यांचं नाव. सगळं गिव्ह-बॅक आहे आमचं.”

मी म्हटलं, सुरंगीचं रोप फुलायला दहा-पंधरा वर्षं लागतात. या बाई पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. तुमचं ते नाव लावलेलं रोप फुलेल तेव्हा ते बघायला या असणार आहेत का? ती मग हसली. एखादं लहान मूल हट्ट करतं तेव्हा मोठी माणसं हसतात ना, तसं. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

तोवर काकी आमच्याजवळ येऊन उभी राहिली होती. तिने त्या बाईला विचारलं, “देव खंय आसा?”

त्या बाईला कळलं नाही. मी सांगितलं, “देव कुठे बसवलाय, विचारतायत. फुलं देवासाठी नेली ना तुम्ही.”

ती क्षणभर गोंधळली. मग तिला आठवलं असावं की कुठेतरी एक देव आहे खरा. सरबताच्या टेबलाशेजारी, फोटो काढायच्या कोपऱ्यात, फायबरचा सोनेरी गणपती होता, वर दिव्यांची माळ, मागे प्लॅस्टिकची वेल. पुढे एक फूल नव्हतं. काकी तिकडे चालत गेली. छताला तिचा हात पोचणार नव्हता. तिने वाकून गालिच्यावरच्या कळ्या गोळा केल्या, त्यातल्या त्यात न चिरडलेल्या, पदराने पुसल्या आणि त्या गणपतीच्या पायाशी ठेवल्या. हात जोडले. “पावली देवाक,” म्हणाली. “चल आता.”

मी तिच्यावरही चिडले. खोटं कशाला बोलू? म्हटलं, काकी, तुझं झाड तासलं यांनी आणि तू हात कसले जोडतेस? ती म्हणाली, “तेंका कित्याक सांगतस? फुलाक नाय म्हणूक मी शिकूकच नाय. चूक माझीच आसा.” चूक तिची! चोर निवांत, आणि घरधनीण म्हणतेय, दार मीच उघडं ठेवलं.

पण मला एक कोडं सुटत नव्हतं. बाहेरच्या माणसांना हे कसं कळलं, की म्हातारीसमोर देवाचं नाव घेतलं की काम होतं? ते कोडं बाहेर टेम्पोजवळ सुटलं. टेम्पोवाला आमच्याच गावचा, खालच्या वाडीतला. मला बघून तो फोनमधे तोंड घालून उभा राहिला. मी विचारलं तेव्हा म्हणतो, “वयनी, माझ्यार कित्याक तापतास? तेंका फुलां होयी होती. म्हातारी कशी आयकतली ता मी सांगलंय, इतक्याच.”

इतकंच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. याच्या आईने याच झाडाची फुलं नेऊन देवीला वाहिली असतील, याच्या लग्नात याच फांद्यांवरचा वळेसार नवरीच्या केसांत होता, मीच माळला होता. बाहेरच्यांना झाड कळत नाही, हे मी एक वेळ समजून घेते. याला सगळं कळत होतं. किल्ली कुठे ठेवलेली असते ते याला ठाऊक होतं, आणि याने ती नेऊन दिली. मी त्याला भर रस्त्यात जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि बोलताना मला पुरतं माहीत होतं, की झाडाचा पत्ता माझ्या फोटोने दिला होता. याने फक्त दार कसं वाजवायचं ते सांगितलं. म्हणूनच बहुधा माझा आवाज इतका चढला होता.

हार दिले. ठरलं होतं ते मोडायचं नाही, म्हणून दिले. नवरी दोन मिनिटं येऊन बोलली, पोरगी चांगली होती. वर बघून म्हणाली, किती सुंदर वास आहे ना? तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मीही नाही सांगितलं. तिच्या लग्नाच्या दिवशी तिच्यावर राग काढायला माझी जीभ वळली नाही, याचं मला अजून बरं वाटतं आणि वाईटही.

परत आल्यावर मी काकीच्या परसात गेले. झाडाच्या पूर्वेच्या अंगाला पांढरी, गोल तोंडं होती, सहा. खाली भुसा. स्टूल बाजूला उपडं पडलेलं. त्यांनी त्यावरच उभं राहून करवत चालवली होती. काकीने ते स्टूल उचललं, झटकलं आणि पडवीत नेऊन ठेवलं. त्या संध्याकाळी मी तो फोटो काढून टाकला. वरातीमागून घोडं, दुसरं काय? पाटी उतरवली. त्या रिसॉर्टचं काम पुन्हा घेतलं नाही, आणि ‘शाश्वत’ हा शब्द हवा असलेल्यांना मी आता आधी परसात नेऊन ती सहा तोंडं दाखवते. काही जण दुसरीकडे जातात. जाऊ देत.

या वर्षी सुरंगी फुलली. वर, फक्त वर, जिथे कुणाचा हात पोचत नाही. मधमाश्यांचा नुसता घोंगाट. फुलं उमलून, वाळून खाली पडत होती आणि काकी ती केरसुणीने लोटत होती. मी म्हटलं, शिडी लावते, मी चढते. ती म्हणाली, पडशील, नको. वळेसारासाठी ती आता माझीच अबोली ओवते. बोटं तशीच चालतात. पण अबोलीला वास नसतो, आणि ओवता ओवता ती अधूनमधून बोटं नाकाशी नेते, सवयीने.

शिमग्याला गावच्या देवीला पहिला वळेसार काकीच्या झाडाचा जातो. ती फुलं मागायला दरवर्षी मीच जाते. वीस वर्षं झाली असतील. मी म्हणते, “काकी, देवाक फुलां होयी,” ती म्हणते, “काढ गो,” आणि चहा ठेवायला आत जाते. मी कळ्या काढते, ती पेले घेऊन बाहेर येते, आम्ही पायरीवर बसून चहा पितो. यंदा मी माझी शिडी घेऊन गेले. काकी पायरीवर बसली होती. मी नेहमीसारखंच म्हटलं, “काकी, देवाक फुलां होयी.”

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, “खंयच्या देवाक गो?”

रागाने माझं डोकं भणभणलं, आणि राग काढायला समोर कुणीच नव्हतं. ना ती मधाळ बाई, ना टेम्पोवाला. समोर होती काकी, आणि मागणारी मी. मी म्हटलं, “आपल्या देवीक, काकी. देवळातल्या.”

“हां,” ती म्हणाली. “मगे काढ.”

मी शिडी लावली, वर चढले, ओंजळभर कळ्या काढल्या. चार ठेवल्या. खाली उतरेपर्यंत काकी पायरीवरच बसून माझ्याकडे बघत होती. चहा ठेवायला ती आत गेली नाही.